युरिया स्वस्त, डीएपी महाग: १९९२ चा निर्णय

२४ जुलै १९९१. परकीय गंगाजळी आटलेली; अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी खतांचे दर सरासरी ४० टक्क्यांनी वाढवले. विरोध इतका झाला की पंधरवड्यातच वाढ ३० टक्क्यांवर आली आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना तीतून वगळले गेले.

खरी उलथापालथ पुढच्या वर्षीची. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली. युरिया मात्र सरकारी दरातच राहिला, वर १० टक्क्यांनी स्वस्त झाला. शेतकऱ्याने परवडेल तेच पोते उचलले. त्याला दोष कसा द्यावा? देशातील नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण वर्षभरात ५.९:२.४:१ वरून ९.५:३.२:१ वर गेले. आदर्श मानलेले प्रमाण होते ४:२:१. त्याच रब्बीत सरकारला डीएपी व पालाशावर तातडीची सवलत सुरू करावी लागली.