चार गुणांचा वाद : सोलापूरची कुस्ती, माती आणि गुणफलक

महाराष्ट्रातील कुस्तीत जय-पराजय ठरवण्याच्या दोन पद्धती गेली कित्येक दशके शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पहिली निकाली कुस्तीची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी जमिनीला टेकवून त्याला चितपट केल्याशिवाय कोणाचाच विजय न मानण्याची; दुसरी गुणांवरच्या कुस्तीची, जिच्यात ठरलेल्या वेळेत टाकलेल्या प्रत्येक यशस्वी डावाचे मोल आकड्यांत मांडले जाते आणि वेळ संपताच बेरीज पाहून विजेता घोषित होतो. एकाच लढतीकडे पाहणारा प्रेक्षक पहिल्या पद्धतीचा आणि पंच दुसऱ्या पद्धतीचा असला की वाद अटळ ठरतो. अशा वादांपैकी अलीकडचा सर्वांत तीव्र वाद जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात उभा राहिला, आणि त्याच्या केंद्रस्थानी असलेले सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड हे दोन्ही मल्ल सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ आणि मंगळवेढा या लगतच्या तालुक्यांतले होते. त्या वादाची हकिकत दोन पहिलवानांमधील चुरस म्हणून सांगितली जाते. तिचे मूळ मात्र जिल्ह्याच्या जत्रांमधील फडापर्यंत मागे न्यावे लागते.

फड म्हणजे गावच्या यात्रेनिमित्त भरणारे कुस्त्यांचे मैदान. भीमा, सीना आणि नीरा या नद्यांच्या काठच्या गावांत ग्रामदैवताची यात्रा फडाशिवाय पुरी होत नाही, असे आजही मानले जाते. मैदानाची सुरुवात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. त्यानंतर इनामाची रक्कम चढत जाते आणि दिवस कलताना सर्वांत मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लावली जाते. मल्लांची ताकद, वय आणि नाव पाहून जोड ठरवणे हे यात्रा समितीतील जाणत्या माणसांचे काम असते, कारण जोड विजोड झाली तर मैदान फिके पडते. हलगी आणि घुमके यांचा ठेका, निवेदकाने पुकारलेली मल्लाची आणि त्याच्या वस्तादाची नावे, हात मिळवून अंगावर टाकलेली माती, आणि मग पकड मिळेपर्यंत चालणारी खडाखडी हे सारे ज्या क्षणासाठी चाललेले असते, तो क्षण म्हणजे पाठ मातीला लागणे. या व्यवस्थेत पहिलवान हा उघडपणे व्यावसायिक असतो. त्याच्या खुराकाचा, म्हणजे दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांचा मोठा खर्च इनामांतूनच भागवावा लागतो, आणि मैदानासाठी पैसा देणाऱ्या गावाला त्याबदल्यात डोळ्यांना दिसणारा निकाल हवा असतो. निकाल न लागता सोडवलेली कुस्ती गावाच्या मनात संशय ठेवून जाते, कारण आधीच ठरवून केलेली लुटूपुटूची कुस्ती, जिला नुरा कुस्ती म्हणतात, ती याच वाटेने मैदानात शिरते.

जिल्ह्याच्या ठिकाणी या परंपरेने वेगळे रूप घेतले. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी, म्हणजेच पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली गेलेली गिरणी, उभी राहिल्यानंतर शहर कामगारांचे झाले आणि पेठापेठांतील तालमी त्या वस्तीच्या सामाजिक जीवनाचा कणा बनल्या. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आज शहरात गणेशोत्सवामुळे आणि मिरवणुकांमुळे अधिक ऐकू येतात. परंतु ‘तालीम’ हा शब्द मुळात मातीचा हौदा, जोर-बैठका आणि वस्तादाचा शब्द यांच्याशी बांधलेला आहे, हे विसरता येत नाही.

राज्यस्तरीय कुस्तीत या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे, आणि त्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातील बोरामणी या एका गावाचे स्थान अपूर्व म्हणावे असे आहे. या गावच्या शेख घराण्यातील इस्माईल शेख यांनी १९८० मध्ये, आप्पालाल शेख यांनी १९९२ मध्ये आणि मुन्नालाल शेख यांनी २००२ मध्ये महाराष्ट्र केसरी या राज्यस्तरीय स्पर्धेची गदा मिळवली. तिघांच्या विजयांमध्ये दहा-बारा वर्षांची अंतरे. म्हणजे एका घराने बावीस वर्षे आपला हौदा भिजता ठेवला. स्पर्धेचे यजमानपदही जिल्ह्याकडे आले, १९७६ मध्ये अकलूजला आणि १९८६ मध्ये सोलापूरला. पुढे २०१८ मध्ये जालना येथे गदा जिंकणारा बाला रफिक शेख मूळचा करमाळा तालुक्यातील खडकीचा असला, तरी तो बुलढाण्याच्या वतीने खेळला होता. एका जिल्ह्यातून प्रत्येक विभागात मोजकेच मल्ल पाठवता येतात, त्यामुळे जेथे पहिलवान उदंड आहेत तेथील मुले दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर उतरतात. सिकंदर शेखही याच कारणाने मोहोळचा असून वाशिमचा मल्ल म्हणून पुकारला गेला.

निकाली पद्धतीचे आकर्षण कितीही असले, तरी तिच्यातील उणिवा खऱ्या होत्या आणि त्या जगभर जाणवल्या होत्या. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांच्यात झालेल्या लढतीत झबिस्कोने मॅटवर पालथे पडून बचाव करण्याचे धोरण धरले. अडीच तासांहून अधिक वेळ गेला तरी त्याची पाठ लागली नाही आणि लढत बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या लढतीला झबिस्को आलाच नाही. दोघांमधला खरा निकाल १९२८ मध्ये पतियाळा येथे लागला, आणि तेव्हा गामाला एक मिनिटही लागले नाही. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची ग्रीको-रोमन प्रकारातील लढत अकरा तासांवर चालली. जिंकलेला क्लाइन इतका थकला होता की अंतिम फेरीत तो उतरू शकला नाही. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्यांच्या यादीतही काही वर्षांपुढे नावाऐवजी ‘अनिर्णित’ असा शेरा आढळतो. वेळेची मर्यादा आणि गुणांची मोजदाद ही अशा अनुभवांतून आलेली उत्तरे होत, आणि ती परक्यांनी लादलेली म्हणून झिडकारणे अन्यायाचे ठरेल.

त्या उत्तराची किंमत भारतीय मल्लांनी मोजली, हेही तितकेच खरे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची आणि तिथल्या नियमांची त्यांना सवय नव्हती. तरी ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले, पण तेथेही एक लांबलेली लढत संपताच, नियमाने मिळायची विश्रांती न देता, त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले, आणि तो नियम दाखवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी जवळ नव्हता. ताकदीइतकाच नियमांचा कागदही मैदानात लढत असतो, याची ही पहिली मोठी प्रचीती होती.

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये औरंगाबाद येथून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली. या स्पर्धेने काळाच्या ओघात एक तडजोड स्वीकारली. स्पर्धेचे माती आणि गादी असे दोन विभाग असतात. गादी म्हणजे मॅट. दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी परस्परांशी लढतात आणि ती शेवटची लढत मॅटवर होते. मातीचा मान राखावा आणि मल्ल आंतरराष्ट्रीय मॅटलाही तयार व्हावा, हा त्यामागचा हेतू स्तुत्य आहे. मात्र माती विभागातही लढत चालते ती गुणांवरच. हौद्यात माती जुनी राहिली आणि मोजमाप नवे आले. नेमक्या या सांध्यावर २०२३ चा वाद पेटला.

सिकंदर शेख हा मोहोळच्या कष्टकरी घरातला, हमाली करून मुलाला पहिलवान करणाऱ्या बापाचा मुलगा. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तो घडला आणि जंगी मैदानांत झटपट चितपट करणारा मल्ल म्हणून त्याने प्रेक्षकांची मने जिंकली. मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचा महेंद्र गायकवाड उंच, धिप्पाड, आणि पुण्यात काका पवार यांच्या कुस्ती संकुलात तयार झालेला. एकाच जिल्ह्यातील दोन मुलांना दोन वेगळ्या शहरांनी घडवले, असे म्हणता येईल: एकाच्या मागे फडांची लोकप्रियता होती, तर दुसऱ्याच्या मागे मॅटचा शिस्तबद्ध सराव. १४ जानेवारी २०२३ रोजी, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, कोथरूड येथे माती विभागाच्या निर्णायक लढतीत हे दोघे समोरासमोर आले. लढतीत महेंद्रने बाहेरची टांग मारली. या डावात मल्ल आपला पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाला बाहेरून आडवा घालतो आणि वरच्या अंगाची पकड न सोडता कमरेला पीळ देऊन त्याला आपल्यावरून फेकतो. पंचांनी या डावाला चार गुण दिले, पारडे महेंद्रकडे झुकले आणि सिकंदर स्पर्धेबाहेर गेला.

चार की दोन, हा प्रश्न समजून घ्यायचा तर नियम पाहावा लागतो. उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला तर दोन गुण मिळतात. त्याच फेकीत त्याची पाठ जमिनीकडे वळून तिच्याशी नव्वद अंशांहून कमी कोन झाला, म्हणजे तो धोकादायक स्थितीत गेला, तर चार. सिकंदरच्या चाहत्यांचे म्हणणे असे की तो कुशीवर पडला, त्याची पाठ वळलीच नाही; पंचांचे म्हणणे असे की ती वळली. मैदानावरचा पंच, बाजूचा पंच आणि मॅटचा प्रमुख या तिघांच्या मतांतून ठरणारा हा निर्णय निमिषात घ्यावा लागतो, तर चाहत्यांनी तो क्षण मोबाइलवर थांबवून, मागेपुढे सरकवून शेकडो वेळा पाहिला. परंतु यापेक्षा खोलवरचे कारण असे की फडावर वाढलेल्या प्रेक्षकाच्या शब्दकोशात हा नव्वद अंशांचा कोनच नाही. त्याच्या दृष्टीने मल्ल एकतर चित होतो किंवा होत नाही. कुशीवर पडून सावरलेला मल्ल हरलेला नसतो, उलट त्याने डाव फोल ठरवलेला असतो. ज्या क्षणी जुन्या पद्धतीत कुस्ती चालूच राहिली असती, त्याच क्षणाने नव्या पद्धतीत निकाल फिरवला. महेंद्रची टांग अस्सल होती आणि तिचे श्रेय या गदारोळात झाकोळले गेले, हे त्याच्यावर झालेले मोठेच अन्यायकारक ओझे होय.

त्याच दिवशी झालेल्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे याने महेंद्रला एका मिनिटाच्या आत चितपट केले. राक्षेही काका पवार यांचाच शिष्य, त्यामुळे गदा आणि उपविजेतेपद एकाच तालमीत गेले, आणि आधीच दुखावलेल्या चाहत्यांच्या शंकांना त्यातून खतपाणी मिळाले. पुढचे काही दिवस समाजमाध्यमांवर वाद पेटत राहिला; पंचाला धमकी दिल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली; काहींनी तर या पराभवाला धर्माचा रंग दिला. निर्णयाचे स्पष्टीकरण मागणे हा प्रेक्षकांचा अधिकार होता, पंचाला धमकावणे हा नव्हे. धर्माच्या चर्चेविषयी तर बोरामणीच्या तीन गदा डोळ्यांसमोर असताना सोलापूरकरांना काही वेगळे सांगण्याची गरज नव्हती. ज्या तालमींत मारुतीच्या तसबिरीला नमस्कार करून हौद्यात उतरायचे, त्याच तालमींत शेख, मुल्ला, मुलाणी घरांतील मुले पिढ्यान् पिढ्या माती उकरत आली आहेत. त्याच महिन्यात मोहोळ तालुक्यातील टाकळी सिकंदर येथे भीमा साखर कारखान्याच्या मैदानावर सिकंदरने भीमा केसरी किताब पटकावला, तेव्हा गावोगावचे लोक आपल्या मनातला निकाल स्वतः लावण्यासाठीच जणू तेथे लोटले होते.

मल्लाच्या दृष्टीने उत्तर देण्याची खरी जागा पुन्हा महाराष्ट्र केसरीच होती. १० नोव्हेंबर २०२३ रोजी पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर माती विभाग जिंकून अंतिम लढतीत आला आणि गतविजेत्या राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट करून त्याने गदा खांद्यावर घेतली. गुणफलकाकडे कोणाला पाहावे लागले नाही, आणि निकाली कुस्तीचे समर्थक त्या क्षणाचा दाखला आजही देतात.

तो दाखला फार काळ निर्वेध राहिला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध राक्षेला चितपट घोषित करण्यात आले, तेव्हा आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असा दावा करत राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. ज्या चितपटीविषयी शंका उरत नाही असे पिढ्यान् पिढ्या मानले गेले, तीच आता चित्रफितीवर तपासली जाऊ लागली. माती विभाग जिंकून पुन्हा एकदा अंतिम फेरीत पोहोचलेल्या महेंद्र गायकवाडने मोहोळविरुद्धच्या लढतीत पंचांनी दिलेल्या गुणावर हरकत घेतली आणि काही सेकंद शिल्लक असतानाच तो मॅट सोडून निघून गेला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. दोन वर्षांपूर्वी पंचांच्या ज्या शब्दाने महेंद्रला अंतिम फेरीची वाट मोकळी करून दिली होती, तोच शब्द या वेळी त्याने मानला नाही. आणि मंगळवेढ्याकडे यायची गदा दुसऱ्यांदा वाटेतच राहिली.