खैराटचे हिरवे संगणक : लिनक्स, खेळ आणि दुर्गम शाळा

#इतिहास_थ्रेड

१/ वर्ष २००७. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैराट या लहानशा गावात एकशिक्षकी शाळा होती. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसत. त्या वर्षाच्या उत्तरार्धात या मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग तो हाच. आणि हे संगणक चालत होते लिनक्सवर.

२/ निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली. तिच्या मुळाशी सेमूर पेपर्ट यांचा विचार होता : मूल ऐकून जेवढे शिकते, त्याहून अधिक काही घडवताना शिकते. म्हणून संगणक शाळेच्या कुलूपबंद खोलीत न राहता मुलाच्या मालकीचा असावा, त्याने तो घरी न्यावा, असा आग्रह होता.

३/ भारत सरकारला हे पटले नव्हते. जुलै २००६ मध्ये केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी या योजनेच्या शैक्षणिक उपयुक्ततेवरच शंका घेतली. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, ही त्यांची भूमिका. तिला निराधार म्हणता येणार नाही. खैराटचा प्रयोग या नकारानंतरचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

४/ यंत्राची रचना पाहण्याजोगी होती. २५६ एमबी मेमरी, १ जीबी साठवण, हार्ड डिस्क नाही. पडदा भर उन्हातही वाचता येई. आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळण्यासाठी खास बटणे! पडदा फिरवून मिटला की लॅपटॉपचे हातातले खेळयंत्र होई. म्हणजे खेळ हा या यंत्राच्या आराखड्यातच गृहीत धरलेला होता.

५/ या संगणकांसाठी बनलेल्या खेळांत चक्रव्यूहातून वाट काढण्याचा ‘मेझ’ होता. ‘इम्प्लोड’ही होता : एकाच रंगाचे लगतचे ठोकळे काढायचे, वरचे खाली घसरतात, शेवटी सारा पट रिकामा करायचा. घाई उपयोगी नाही. आधी काय काढले तर पुढे काय उरेल, याचा विचार करावा लागतो. कीबोर्डवर एक विशेष कळही होती : चालू कार्यक्रमाची मूळ संहिता उघडून दाखवणारी.

६/ ती कळ समजण्यासाठी १९८३ कडे वळू. त्या वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त संगणक प्रणालीचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्याच वर्षी डग्लस स्मिथ यांचा ‘लोड रनर’ बाजारात आला. शिड्या चढायच्या, सोने गोळा करायचे, विटांत खड्डे खणून पाठलाग करणाऱ्यांना अडकवायचे. उड्या-शिड्यांच्या खेळाला कोड्याची जोड देणाऱ्या आरंभीच्या खेळांपैकी हा एक. शिवाय खेळाडूला स्वतःचे टप्पे रचण्याची सोय त्यात होती.

७/ १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केले आणि पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले. लिनक्सच्या केडीई खेळसंग्रहात ‘केगोल्डरनर’ आला : ‘लोड रनर’च्याच धर्तीचा, पण मुक्त. वेग हवा तितका मंद करा, निवांत विचार करा, नवे टप्पे रचा. संहिताही उघडी आहे.

८/ मग खैराटचा प्रयोग महाराष्ट्रभर का पसरला नाही? शंभर डॉलरचा लॅपटॉप प्रत्यक्षात सुमारे १८८ डॉलरला पडला. सरकारी पाठबळ नव्हते. वीज, दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे प्रश्न उरलेच. पेरू देशातील मोठ्या प्रयोगाचे मूल्यमापन २०१२ मध्ये आले : गणित व भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही, काही बौद्धिक कौशल्यांत मात्र सुधारणा दिसली. बॅनर्जींची शंका आणि पेपर्टांची आशा, दोन्ही अंशतः खऱ्या ठरल्या.

९/ आता तळोद्याकडे या. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका १ जुलै १९९८ रोजी नव्या नंदुरबार जिल्ह्यात आला. शेजारच्या शहादा तालुक्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची छबी संगणकात नोंदली गेली.

१०/ तीन वर्षांच्या अंतराने महाराष्ट्राच्या दोन दुर्गम गावांत संगणक असे दोन रूपांत पोहोचला. टेंभलीत त्याने माणसाची नोंद घेतली. खैराटमध्ये तो मुलाच्या हाती खेळायला दिला गेला. पहिले रूप देशभर पसरले, दुसरे मागे पडले. नोंद आवश्यकच आहे. पण संगणकाशी केवळ तेवढेच नाते उरले, तर आदिवासी मूल यंत्रासमोर कायम अर्जदार म्हणूनच उभे राहील.

११/ दुसरे रूप संपलेले मात्र नाही. अडगळीतल्या अनेक जुन्या संगणकांवर हलके लिनक्स आजही चालते. ‘केगोल्डरनर’ विनामूल्य आहे. तळोद्यातील एखादी मुलगी त्यात सातपुड्याच्या घाटवाटांसारखा टप्पा रचू शकते. त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही.

१२/ तुमच्या शाळेत पहिला संगणक कोणत्या वर्षी आला, आणि त्याला हात लावायला मुलांना मुभा होती का? शिक्षकांना विचारा, उत्तर खाली लिहा. स्थानिक इतिहासाची साधने अशीच जमत जातात.