पाठचिकित्सेची तालीम

पीएच.डी.चा विद्यार्थी प्रबंधाच्या प्रकरणांची आखणी काळजीपूर्वक करतो. परंतु त्या प्रबंधासाठी लागणारी कौशल्येही क्रमाने आखून संपादावी लागतात, याचा विचार क्वचितच होतो. पाठचिकित्सेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

डॉ. वि. सी. सुकथनकर (१८८७–१९४३) यांनी केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन केले, बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला आणि पुढे पुरातत्त्व खात्यात कोरीव लेखांचे वाचन केले. ही तयारी महाभारतासाठी म्हणून झालेली नव्हती. तथापि १९२५ साली भांडारकर संस्थेतील चिकित्सक आवृत्तीची सूत्रे हाती आली तेव्हा ती सारी उपयोगी पडली. सहकाऱ्यांची तालीम मात्र त्यांनी योगायोगावर सोडली नाही. मुंबईस गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात शके १७९९ मध्ये छापलेली पोथी आधारास घेऊन प्रत्येक श्लोक आखीव कागदावर लिहावयाचा व त्याखालील चौकटींत हस्तलिखितांतील पाठभेद अक्षरशः नोंदवावयाचे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रस्तावनेने तीमागील तत्त्वे सर्वांस उपलब्ध झाली. १९४१ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

मराठीत ही दृष्टी रुजविण्याचे श्रेय मुख्यतः अ. का. प्रियोळकर यांचे. १९३५ साली त्यांनी रघुनाथपंडिताचे ‘दमयंतीस्वयंवर’ संपादिले. काव्य लहान, शिवाय अक्षरगणवृत्तांत बांधलेले. एखादे अक्षर कमीअधिक झाले तर वृत्तच त्याची चुगली करते. १९४८ मध्ये दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने मराठी संशोधन मंडळ स्थापिले. त्याची धुरा वाहत असता प्रियोळकरांनी १९५१ पासून मुक्तेश्वराचे आदिपर्व प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हा ग्रंथ विस्तृत आणि ओवीबद्ध. ओवीस अक्षरसंख्येचे कडक बंधन नसल्यामुळे वृत्ताचा पहारा येथे उठतो. भाषेचे जुने रूप, लेखकाची लकब व हस्तलिखितांचे परस्परसंबंध यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणजे संस्कृतासाठी सिद्ध झालेले तंत्र मराठीत जसेच्या तसे चालत नाही. ते पुन्हा शिकावे लागते.

सोप्या संहितेकडून अवघड संहितेकडे जाण्याचा हा क्रम हेतुपूर्वक असो वा नसो, अनुकरणीय खास आहे. प्रबंधाच्या पहिल्या वर्षी एखाद्या छोट्या वृत्तबद्ध प्रकरणाच्या चारपाच प्रती ताडून पाहिलेल्या विद्यार्थ्यास पुढील चुका वेळीच कळतात. ज्याने ही तालीम टाळली त्यास त्या शेवटच्या प्रकरणात भेटतात, आणि तोवर आधीची सारी प्रकरणे त्याच चुकांवर उभी राहिलेली असतात. पदवी कदाचित तेव्हाही मिळेल. संशोधक मात्र घडावयाचा राहून जाईल.