वनरोपाचे पुण्य आणि खानदेशातील बारीपाडा

संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात एक देवता भगवान बुद्धांना विचारते की, कोणाचे पुण्य अहोरात्र वाढत राहते? भगवंतांच्या उत्तरात उद्याने व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई, विहीर व निवारा देणारे यांची गणना आहे. या सर्व दानांचे एक लक्षण समान आहे. त्यांचा लाभ घेणारा दात्याच्या ओळखीचा असावा लागत नाही. सम्राट अशोकाने हाच विचार राज्यकारभारात आणला. दुसऱ्या शिलालेखात वाटेवर वृक्ष लावल्याचा, विहिरी खोदल्याचा व औषधी वनस्पतींची लागवड केल्याचा उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात तर विनाकारण वने जाळू नयेत, अशी आज्ञाच आहे.

परंतु केवळ राजाज्ञेने वन टिकते काय? या प्रश्नाचा विचार खानदेशच्या इतिहासाच्या आधारे करता येतो.

पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धत नांदली. नदीवर बंधारा बांधून पाणी पाटाने शेतात आणावयाचे, शिवाराचे फड पाडावयाचे आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे पंचांनी ठरवावयाचे, अशी ती व्यवस्था होती. पाणी पाटकऱ्याने वाटावे, पिकाची राखण जागल्याने करावी, असा दंडक होता. पाणी सर्वांचे म्हणून त्याचा संयमही सर्वांचा होता.

वनांच्या बाबतीत मात्र निराळे घडले. 1818 साली खानदेशात इंग्रजी अंमल आला. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली आणि सरपण, चराई यांसारख्या आदिवासींच्या नित्य गरजाही अपराधाच्या कक्षेत आल्या. जे आपले राहिले नाही ते राखण्याची प्रेरणाही क्षीण होत गेली.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या कोकणा आदिवासींच्या पाड्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. आसपासचे जंगल उजाड होऊन उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासू लागली होती. 1990 च्या दशकाच्या आरंभी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थ एकत्र आले. त्यांनी वृक्षतोडीस बंदी केली, मोडणाऱ्यास दंड ठरविला आणि जंगलाची राखण स्वतः पत्करली. सरपणासाठी ज्यांची कुऱ्हाड जंगलात चालत होती त्यांनीच ती आवरावयाची होती. हा त्याग लहान नव्हे. जोडीला दगडी बांध व चर घालून पावसाचे पाणी अडविले. आज सुमारे 445 हेक्टर वन त्यांनी राखले आहे आणि विहिरींना पाणी आले आहे.

2004 पासून तेथे वनभाजी महोत्सव भरतो. स्त्रिया रानातील भाज्या रांधून मांडतात, त्यांची स्पर्धा होते आणि दूरदूरचे पाहुणे त्यांचा आस्वाद घेतात. वनाचा आनंद परक्यालाही मिळावा, हे वनरोप सुत्ताच्या आशयाशी जुळणारे आहे. मात्र क्रम ध्यानात घ्यावा: आधी संयम, मग उत्सव.

विनयपिटकातही असाच क्रम दिसतो. आळवी येथे भिक्खूंनी वृक्ष तोडले तेव्हा लोकांनी निंदा केली. त्यानंतर वनस्पतींना इजा करणे हा पाचित्तिय दोष ठरला. संघाने तो नियम स्वतःवर घेतला आणि पंधरवड्याच्या पातिमोक्खात त्याची उजळणी होत राहिली. बारीपाड्याचे लोक बौद्ध परंपरेतील नव्हेत, आणि त्यांच्या कार्यावर आपला शिक्का उमटविण्याचे कारणही नाही. तथापि स्वतः स्वीकारलेला नियमच टिकतो, या अनुभवाला त्यांनी नवी साक्ष दिली आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार मान्य केला. 2025 साली श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. अधिकार शासन देऊ शकते, सन्मानही देऊ शकते. परंतु रोजची राखण गावालाच करावी लागते. पुण्य दिवसरात्र वाढते असे सुत्त सांगते, ते बहुधा याच अर्थाने.