कार्ताझ : हजच्या वाटेवरचा परवाना

१/ १६व्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून मक्केला जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक इराणमार्गे खुष्कीची, दुसरी सुरतेहून अरबी समुद्र ओलांडून जेद्द्याला पोहोचणारी. उत्तर हिंदुस्थानचा स्वामी असलेल्या अकबर बादशहाच्या घरच्या स्त्रियांनाही या दुसऱ्या वाटेसाठी पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागला. त्या परवान्याची ही हकिकत. #थ्रेड

२/ खुष्कीची वाट अनेक महिन्यांची. वाळवंट, पाण्याचे दुर्भिक्ष आणि लुटारू हे धोके होतेच. शिवाय ती शियापंथीय सफावींच्या मुलखातून जाई आणि सुन्नी यात्रेकरूंना तेथे अवहेलनेची धास्ती वाटे.

३/ समुद्राची वाट त्या मानाने लहान, पण वाऱ्याच्या अधीन. पावसाळ्यापूर्वी, मार्चच्या सुमारास जहाजे सुरतेहून निघत आणि सप्टेंबरच्या सुमारास परतत. मोसम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबणे आले. तरीही यात्रेकरूंना खरे भय वाऱ्याचे नव्हते.

४/ १५०२ मध्ये मक्केहून परतणारे ‘मीरी’ हे जहाज वास्को द गामाने मलबार किनाऱ्याजवळ लुटून प्रवाशांसह जाळले. त्यात स्त्रिया व मुलेही होती. पुढे गोवा (१५१०), होर्मुझ (१५१५), दीव (१५३५) आणि दमण (१५५९) पोर्तुगिजांच्या हाती गेले. सुरतेची ये-जा दीव व दमण यांच्या टप्प्यात आली.

५/ याच सत्तेचा कागद म्हणजे ‘कार्ताझ’. जहाजाचे नाव, तांडेल, आकार, शस्त्रे, जाण्याचे बंदर हे सारे त्यात नमूद असे. काही माल नेण्यास मनाई होती, पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. कार्ताझ नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे. पोर्तुगीज ज्या संकटापासून अभय विकत होते, ते संकट मुख्यतः त्यांचेच होते.

६/ या कागदाने धर्मशास्त्रीय पेचही उभा केला. बदायुनीच्या नोंदीनुसार, मखदूम-उल-मुल्क या दरबारी धर्मपंडिताने हज आता बंधनकारक नाही असा फतवा दिला. कारणे दोन : खुष्कीच्या वाटेवर शियांचा जाच आणि सागरी परवान्यावर मेरी व येशू यांच्या प्रतिमा. असा कागद बाळगणे म्हणजे मूर्तिपूजेला संमती, असा त्याचा युक्तिवाद होता.

७/ बादशहाच्या घरच्या स्त्रियांनी मात्र वाट धरली. बाबराची कन्या आणि ‘हुमायूननामा’ची लेखिका गुलबदन बेगम १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून निघाली. सोबत सलीमा सुलतान बेगम आणि इतर स्त्रिया होत्या. सुरत दोनच वर्षांपूर्वी अकबराने जिंकली होती. बंदर त्याचे, समुद्र मात्र परक्याचा. परवान्याच्या घोळात सुरतेतच बराच काळ गेला.

८/ तीन वर्षांहून अधिक काळ अरबस्तानात राहून या स्त्रिया परत निघाल्या, तेव्हा एडनजवळ जहाज फुटले आणि कित्येक महिने तेथेच अडकून पडावे लागले. १५८२ मध्ये त्या सिक्रीला पोहोचल्या. कार्ताझ माणसांपासून काहीसे अभय देई, खडकांपासून नाही.

९/ माणसांपासूनचे अभयही किती कच्चे होते, हे १६१३ मध्ये दिसले. जहांगीराची आई मरियम-उझ-झमानी हिचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज पोर्तुगिजांनी सुरतेजवळ पकडले आणि प्रवाशांसह गोव्याला नेले. जहाजाजवळ कार्ताझ होता. गुन्हा कोणताच नव्हता. इंग्रजांना थारा देऊ नये म्हणून बादशहावर दडपण आणायचे होते.

१०/ जहांगीराने उत्तर जमिनीवरून दिले. दमणला वेढा पडला, जेझुइटांची चर्चे बंद झाली, पोर्तुगिजांचा व्यापार अडवला गेला. १६१५ मध्ये तह झाला. परंतु दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या परवान्याची पत उतरली आणि त्याचा लाभ इंग्रजांना मिळाला.

११/ पुढे इंग्रजांचीही कसोटी लागली. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे परतणारे यात्रेकरूंचे जहाज लुटले. खाफी खानाने स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद केली आहे. संतप्त औरंगजेबाने सुरतेतील इंग्रजांना कैद केले. अखेर यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याची हमी कंपनीला द्यावी लागली. कागदाची जागा लढाऊ गलबतांनी घेतली.

१२/ १८व्या शतकाच्या आरंभी कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांनी स्वतःचे दस्तक लागू केले. दस्तक नसलेली जहाजे ते पकडत. पोर्तुगिजांनी हेच शतकभर अगोदर कायदा म्हणून चालवले होते. कान्होजींनी केले तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले.

१३/ ‘परवाना’ आणि ‘चाचेगिरी’ हे शब्द जुन्या कागदपत्रांत वाचताना म्हणूनच लिहिणारा कोण, हे आधी पाहावे. सुरतेच्या बंदरात मोसमाची वाट पाहणाऱ्या यात्रेकरूला त्या वादात काडीचाही रस नव्हता. कागद कोणाचाही असो, उद्या तो पाळला जाईल का, एवढेच त्याला हवे होते. नेमके तेवढेच कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते.