डंकी मार्ग

डंकी मार्ग (डंकी रूट) म्हणजे वैध व्हिसा नसताना एकामागून एक देश ओलांडत इच्छित देशात, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, चोरून प्रवेश करण्याची पद्धत होय. ही संज्ञा प्रामुख्याने पंजाब, हरियाणा व गुजरात या राज्यांतून होणाऱ्या बेकायदेशीर स्थलांतरासाठी वापरली जाते. गाढवाप्रमाणे ठिकठिकाणी थांबत जाणे या अर्थाच्या पंजाबी प्रयोगावरून ती आली, असे सामान्यतः मानले जाते. राजकुमार हिरानी यांच्या 'डंकी' (२०२३) या चित्रपटामुळे हा शब्द उत्तर भारताबाहेरही परिचित झाला.

मार्ग

या प्रवासाचा पहिला टप्पा बहुधा कायदेशीर असतो. प्रवासी स्वतःच्या पारपत्रावर, पर्यटक म्हणून, भारतीयांना सहज प्रवेश देणाऱ्या देशात विमानाने उतरतो. बेकायदेशीरपणा त्यापुढे सुरू होतो. दक्षिण अमेरिकेत उतरलेल्यांना कोलंबिया व पनामा यांमधील दारियेनचे सुमारे १०० किमी लांबीचे जंगल पायी ओलांडावे लागते. पॅन-अमेरिकन महामार्ग येथेच खंडित होतो. २०२३ मध्ये विविध देशांच्या पाच लाखांहून अधिक लोकांनी हे जंगल पार केले. पुढे मध्य अमेरिकेतील देश व मेक्सिको ओलांडून अमेरिकेची दक्षिण सीमा गाठली जाते. जंगल टाळण्यासाठी काही जण थेट निकाराग्वाला विमानाने जातात. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे निघालेले, बहुतांश भारतीय असलेल्या ३०३ प्रवाशांचे विमान फ्रान्समधील व्हात्री विमानतळावर अडवण्यात आले. त्यांपैकी २७६ जण २६ डिसेंबर रोजी मुंबईत परतले. दुसरा मार्ग कॅनडाचा असून तेथे विद्यार्थी किंवा अभ्यागत व्हिसावर जाऊन पुढे सीमा ओलांडली जाते. युरोपकडे जाणाऱ्यांसाठी सर्बिया सोयीचा होता. १ जानेवारी २०२३ पासून त्या देशाने भारतीयांसाठीची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत बंद केली.

ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या वर्षात अमेरिकी सीमा यंत्रणेने ९६,९१७ वेळा भारतीयांना अडवल्याची नोंद आहे. हा आकडा घटनांचा आहे, व्यक्तींचा नव्हे. एकच व्यक्ती त्यात दोनदाही मोजली गेलेली असू शकते.

दुर्घटना

२५ डिसेंबर १९९६ च्या पहाटे माल्टा व सिसिली यांदरम्यान एक लहान नौका बुडून भारत, पाकिस्तान व श्रीलंकेतील सुमारे २८३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पंजाबमधील तरुण मोठ्या संख्येने होते. वाचलेल्यांच्या सांगण्यावर अधिकाऱ्यांनी दीर्घकाळ विश्वास ठेवला नाही. सिसिलीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत मृतदेह येत होते, पण धंदा बंद पडेल या भीतीने त्यांची वाच्यता झाली नाही. नौकेचे अवशेष २००१ मध्ये सापडले.

जानेवारी २०२२ मध्ये कॅनडातील इमर्सन गावाजवळ, अमेरिकेच्या सीमेपासून काही मीटरांवर, गुजरातमधील एका कुटुंबातील दोन मुलांसह चौघे गोठून मरण पावले. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे ३५ अंशांच्या आसपास होते. या प्रकरणी दोन तस्करांना मिनेसोटातील न्यायालयाने २०२४ मध्ये दोषी ठरवले.

परत पाठवणी

५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. प्रवाशांना घातलेल्या बेड्यांवरून संसदेत गदारोळ झाला. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत स्पष्ट केले की अशी परत पाठवणी नवी नसून २००९ पासून १५ हजारांहून अधिक भारतीय परत आले आहेत.

कायदेशीर स्थिती

चोरटी वाहतूक व मानवी तस्करी या दोन गोष्टी कायद्याने भिन्न आहेत. पहिलीत प्रवाशाची संमती असते, दुसरीत शोषणाचा हेतू असतो. प्रत्यक्षात मात्र वाटेत ओलीस ठेवून घरच्यांकडून अधिक पैसे उकळले गेले की ही रेषा पुसली जाते. चोरट्या वाहतुकीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार गुन्हा वाहतूक करणाऱ्याचा मानला जातो, केवळ नेल्या जाणाऱ्याचा नव्हे. तरीही प्रवेश घेतल्याबद्दल ज्या त्या देशाचा कायदा प्रवाशाला शिक्षा करू शकतो.

भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची आहे. पण जो एजंट नोकरी नव्हे तर 'फिरायला जाण्याचा व्हिसा' विकतो, तो या चौकटीत सहज बसत नाही. त्यामुळे पंजाबने २०१२ मध्ये प्रवास एजंटांसाठी परवान्याचा स्वतंत्र कायदा केला. परतलेल्या अनेकांनी ४० ते ५० लाख रुपये दिल्याचे सांगितले आहे. ही रक्कम बहुधा जमीन विकून किंवा गहाण टाकून उभी केलेली व रोखीने, टप्प्याटप्प्याने दिलेली असते. पावती नसल्याने एजंटाविरुद्ध गुन्हा सिद्ध करणे अवघड जाते आणि कर्ज मात्र कुटुंबाच्या नावावर राहते.