दोन पाळ्यांमधील रक्तस्राव : निदान व उपचारांचा ऐतिहासिक मागोवा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘असृग्दर’ या व्याधीचे लक्षण सांगताना रक्ताच्या अतिप्रमाणाबरोबरच ऋतुकाल सोडून होणाऱ्या स्रावाचाही स्पष्ट निर्देश येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हाच विषय ‘प्रदर’ या नावाने आला असून दोषानुसार चार प्रकार व पुष्यानुग चूर्णासारखे योग तेथे सांगितले आहेत. पुढे अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने अशोकाची साल दुधात सिद्ध करून देण्याचा उपचार नोंदविला. आतला अवयव दिसत नसल्याने स्रावाची वेळ आणि रक्ताचे रूप यांवरच या परंपरेचे निदान आधारलेले होते.

युरोपात १८४० च्या दशकात पॅरिसच्या रेकामिये यांच्या क्युरेटमुळे गर्भाशयाचा अंतःस्तर खरवडून बाहेर काढता येऊ लागला. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींचा आकार व अस्तराची जाडी वेगवेगळी दिसे. तो फरक म्हणजे अंतःस्तराचा दाह, असे निदान सर्रास होई आणि पुन्हा खरवडणे हाच उपचार ठरे. पाहणाऱ्याचे ज्ञान वाढले, परंतु तुकडा पाळीच्या कोणत्या दिवशी घेतला हा साधा प्रश्न मागे पडला. १९०८ मध्ये व्हिएन्ना येथील हिट्शमान व आडलर यांनी दाखविले की, रोग म्हणून नोंदविलेले यांतील बहुतेक बदल हे निरोगी मासिक चक्राचेच टप्पे आहेत. वेळेचा जो निकष सुश्रुताने रक्तस्रावाला लावला होता, तोच आता ऊतीलाही लावावा लागला. अर्थात खरवडण्याची प्रथा त्यामुळे थांबली नाही. ‘क्युरेटिंग’ हा शब्द मराठी घरांत चांगलाच रुळला.

भारतात अडचण निराळीच होती. ‘अंगावर लाल जाते’ हे पुरुष डॉक्टरला सांगणे बहुतेक स्त्रियांना अशक्य होते. १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कामा रुग्णालयात डॉ. एडिथ पेची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टर असणे म्हणूनच निदानाच्या इतिहासातही मोलाचे ठरते.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये अनियमित रक्तस्रावाच्या कारणांचे नऊ गट निश्चित केले. मांसांकुर, गाठी व कर्करोग हे त्यांत रचनेतील दोष म्हणून येतात. रक्त न गोठणे, बीजोत्सर्गातील बिघाड, औषधे वा तांबी यांचा परिणाम हे वेगळ्या बाजूस. ‘अकार्यक्षम रक्तस्राव’ ही कारण झाकणारी जुनी संज्ञा वगळण्यात आली. त्यामुळे मांसांकुर काढणे, जंतुसंसर्गावर प्रतिजैविके, बीजोत्सर्गाच्या बिघाडावर संप्रेरके असे कारणानुसार उपचार निवडता येतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र पाळीबाहेरचे रक्त दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात आढळले. या स्त्रियांची तपासणी कोणतीही तक्रार नसतानाच झाली होती.